पूल बंद असताना



आपल्या कोल्हारला पुलाचं मोल वेगळं सांगायला नको. प्रवरेच्या एका काठाला कोल्हार बुद्रुक आणि भगवतीपूर, दुसऱ्या काठाला राहुरी तालुक्यातलं कोल्हार खुर्द. शिर्डीला निघालेले भाविक, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, लोणीच्या दवाखान्याकडे धावणारी रुग्णवाहिका, सगळ्यांचा रस्ता या नदीवरून जातो. नगर-मनमाड रस्त्याचं काम वर्षानुवर्षं रखडलं, तेव्हा जड वाहनं नेवासा, गंगापूर, वैजापूर, येवला अशी लांबून वळवावी लागली. त्या वळशाचं डिझेल आणि वेळ कुणाच्या खिशातून गेला, हे इथल्या वाहनचालकांना विचारा.

तरीही मी म्हणेन, धोकादायक पूल बंदच केला पाहिजे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला. दोन एसटी बस आणि इतर वाहनं माणसांसकट नदीत गेली. त्या रात्री पुलाच्या तोंडाशी कुणी आडवा बांबू धरून उभं असतं, तर किती घरं वाचली असती! नवा पूल मात्र १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला खुला झाला. म्हणजे ठरवलं तर काम वेळेत होतं.

आता अंधेरीचा गोखले पूल पाहा. ३ जुलै २०१८ ला त्याचा पादचारी भाग रेल्वेच्या रुळांवर कोसळला. पुढे ७ नोव्हेंबर २०२२ पासून सगळाच पूल बंद झाला आणि अंधेरीच्या पूर्व-पश्चिमेची वाहतूक आजूबाजूच्या गल्ल्यांतून, दुसऱ्या पुलांवरून अडखळत चालली. २६ फेब्रुवारी २०२४ ला एक बाजू उघडली, तेव्हा कळलं की नवा पूल उंच झालाय आणि त्याला लागून असलेला बर्फीवाला उड्डाणपूल खालीच राहिलाय. गाड्या इकडून तिकडे जाणार कशा? मग व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेच्या सल्ल्यानं बर्फीवाला पुलाचा भाग जॅक लावून हळूहळू उचलला, एका बाजूनं जवळजवळ १.४ मीटर. खाली नवे आधार दिले, सांधे जोडले, काँक्रीट मुरू दिलं. ४ जुलै २०२४ ला दोन्ही पूल जुळले. संपूर्ण गोखले पूल खुला व्हायला ११ मे २०२५ उजाडला. अडीच वर्षं!

ही उंचीची गफलत कागदावरच धरता आली असती. माझा राग आहे तो त्यावर. बाकी दुरुस्तीला वेळ लागतो, तो लागू द्यायलाच हवा. पुलाच्या पोटात खांब आणि तुळई यांच्यामध्ये बेअरिंग असतं. उन्हानं पूल प्रसरण पावतो, गारठ्यानं आकसतो, ते सरकणं त्या बेअरिंगवर झेललं जातं. बेअरिंग झिजलं की बदलायला आख्खा गाळा जॅकवर काही मिलिमीटर उचलावा लागतो. त्या वेळी वरून ट्रक गेला तर चालत नाही. नव्या काँक्रीटला अपेक्षित ताकद येईपर्यंत साधारण २८ दिवस धरतात, रोज पाणीही मारावं लागतं. खालचा माणूस दिसत नाही, म्हणून वरून जाणाऱ्याला वाटतं, काम बंद आहे.

आणि हे वाटतं, कारण कुणी सांगत नाही. पुलाच्या तोंडाशी लावलेला फलक एकच सांगतो, ‘रस्ता बंद’. का बंद, कधीपर्यंत, सध्या कोणतं काम सुरू आहे, पर्यायी रस्ता किती लांबीचा आणि बस चालेल का? यातलं काहीच नसतं. कोल्हार खुर्दहून लोणीला कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं ते कुणाला विचारायचं? माझ्या मते असा फलक हाही दुरुस्तीचाच भाग आहे आणि त्याची रक्कम ठेक्यातच धरली पाहिजे.

तेव्हा श्रोतेहो, आपल्या भागात एखादा पूल बंद झाला तर बॅरिकेड सरकवून मोटारसायकल घुसवू नका. पण ग्रामसभेत उठून मुदत विचारा, मुदत उलटली की लेखी कारण मागा, आणि ते फलकावर लिहायला लावा.