पडलेल्या माणसाच्या अंगावरचा कोट

आम्ही बचत गटाच्या अकराजणी बोलतोय. म्हणजे माइकसमोर एकच आहे, पण लिहून काढलंय सगळ्यांनी मिळून. आज विषय कर्जाच्या हप्त्याचा नाही की गांडूळखताचाही नाही. आज एका सिनेमाबद्दल बोलायचंय.

तुम्ही म्हणाल, मारामारीचा सिनेमा आणि बायकांच्या कार्यक्रमात? आम्हीही तेच म्हणालो होतो. पण गटातल्या एकीच्या मुलाने मोबाईलवर लावला, आणि पापड लाटता लाटता आम्ही बघत बसलो. थोड्या वेळाने लाटणी बाजूलाच राहिली.

सिनेमाचं नाव 'न्यू पोलीस स्टोरी'. हाँगकाँगचा, २००४ सालचा. त्यात जॅकी चॅन आहे. तो कोण हे पोरांना विचारा, ते उड्या मारून दाखवतील. हा माणूस १९५४ सालचा. सातव्या वर्षी त्याला चिनी संगीत नाटकाच्या शाळेत घातलं, तिथे कसरती शिकला. १९८५ च्या 'पोलीस स्टोरी'त तो दुकानांच्या मोठ्या इमारतीत, विजेचे दिवे गुंडाळलेल्या खांबावरून वरून खालपर्यंत घसरत येतो. हात खरोखरच भाजले होते त्याचे. त्याआधी १९७८ ला त्याचा 'ड्रंकन मास्टर' गाजला. त्यात तो पितो, झिंगतो आणि झिंगतच शत्रूला लोळवतो. लोक पोट धरून हसले.

आता हा २००४ चा सिनेमा बघा. नायक पन्नाशीला आलेला. सुरुवातीलाच तो दारूच्या दुकानातून लडखडत बाहेर येतो, ओकतो आणि गल्लीत आडवा पडतो. इथे कुणाला हसू येत नाही. आम्हालाही आलं नाही. आमच्यातल्या दोघी तर उठून पाणी प्यायला गेल्या. असं पडलेलं माणूस त्यांनी घरी पाहिलंय.

तो पितो का? तो पोलीस इन्स्पेक्टर, नावाजलेला. श्रीमंत घरातली पाच तरुण पोरं बँक लुटतात आणि पोलिसांना मारायचा खेळ खेळतात, कॉम्प्युटरवर गुण मोजतात. हा टीव्हीवर छाती ठोकून सांगतो, तीन तासांत पकडतो. पण ती पोरं सापळा लावून बसलेली असतात. त्याच्या हाताखालची माणसं त्याच्या डोळ्यांदेखत मरतात. त्यात त्याच्या होणाऱ्या बायकोचा भाऊही असतो. हा एकटा जगतो. मग वर्षभर सुट्टी आणि बाटली. ती मुलगी वाट बघते, हा तिला तोंड दाखवत नाही.

पडलेल्याला उठवायला येतो एक पोरगा. गल्लीत तोच त्याच्या अंगावर कोट घालतो आणि घरी नेतो. म्हणतो, मी तुमचा नवा जोडीदार. तो काही पोलीसबिलीस नसतो. पण "साहेब, तपास करायचाय, चला" असं म्हणून पाठ सोडत नाही. का, ते शेवटी कळतं. लहानपणी त्याचा बाप त्याच्यासाठी खाणं चोरून पळताना गाडीखाली गेला. तेव्हा रस्त्यावर एका तरुण पोलिसाने त्या पोराला जवळ घेतलं आणि आपला कोट दिला. तो पोलीस हाच.

आणि त्या गुंड पोरांचा म्होरक्या? तो मोठ्या पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा. घरात कशाची कमी नव्हती, पण बापाने त्याला कायम मारलं, पाणउतारा केला. शेवटी त्या पोराला गोळी लागते, तीही बापासमोर. यावर आमच्यात बराच वेळ बोलणं झालं. एकीने कबूल केलं की नवऱ्याचा राग तीसुद्धा पोरावर काढते. तिला कुणी टोचून बोललं नाही.

मैत्रिणींनो, आम्ही गावात मतदान घेऊन बाटली आडवी केली. दुकान बंद झालं, गुलाल उधळला. पण पिणारे पिणारेच राहिले, आता शेजारच्या गावी जातात. दुकान बंद करणं आम्हाला जमलं. माणसाला उभं करायचं आम्ही कधी बसून ठरवलंच नव्हतं. आम्ही त्यांना शिव्याच दिल्या. मार खाणाऱ्या बाईने शिव्या द्याव्यात, तो तिचा हक्कच आहे.

सिनेमातलं आम्हाला पटलं ते हे. त्या पोराने उपदेश केला नाही. त्याने साहेबाचं जुनं चांगलं वागणं लक्षात ठेवलं आणि त्याच्याकडे काम मागितलं. आणि उठवायचं ओझं त्या वाट बघणाऱ्या मुलीच्या एकटीच्या डोक्यावर दिलं नाही. म्हणून आम्ही ठरवलंय, ज्या घरात दारू आहे तिथे त्या माणसाशी बोलायला त्याचा जुना मित्र, मास्तर, नाहीतर ज्याला त्याने कधीकाळी मदत केली तो माणूस शोधायचा. बायकोने तेवढ्यात स्वतःला आणि पोरांना सांभाळायचं. मारहाण होत असेल तर आधी सुरक्षित जागी जायचं, बाकी सगळं नंतर.

एक गोष्ट सिनेमात दिसत नाही, ती सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर हातपाय थरथरतात, भास होतात, फिटही येऊ शकते. जिवावर बेतू शकतं. म्हणून डॉक्टरला विचारूनच सोडवा. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे. तुमच्या जिल्ह्यात असं केंद्र कुठे आहे, ते सरकारी दवाखान्यात विचारा.

आमच्या गटाने एका घरापासून सुरुवात केलीय. घर कुणाचं ते सांगणार नाही. तो माणूस पूर्वी आमच्या विहिरीची मोटार फुकट दुरुस्त करून द्यायचा. परवा आम्ही तिघी गेलो आणि म्हणालो, भाऊ, गटाची गिरणी बंद पडलीय, बघता का? तो म्हणाला, उद्या येतो. आला नाही. आम्ही सोमवारी परत जाणार आहोत.

रामराम.