दुखण्याचे माप



१९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव पुढच्या ऑलिंपिकला जाऊ शकले नाहीत. गुडघ्याच्या दुखापतीने त्यांची वाट अडवली. अशी दुखापत साऱ्यांना दिसते. परंतु गुडघ्याचे एक दुखणे असे आहे, की ते हळूहळू वाढते आणि खेळाडू ते लपवीत राहतो. आज त्याविषयी चार शब्द सांगायचे आहेत.

गुडघ्याची वाटी आणि नडगीचे हाड यांना एक जाड, चिवट कंडरा जोडते. उडी मारताना मांडीच्या स्नायूंचे बळ तिच्यातूनच नडगीकडे जाते. सोसवेल त्याहून अधिक भार तिच्यावर वारंवार पडला, म्हणजे वाटीच्या खालच्या टोकाशी दुखू लागते. नॉर्वेतील अव्वल खेळाडूंच्या २००५ सालच्या एका पाहणीत व्हॉलीबॉलपटूंपैकी सुमारे ४५ टक्के खेळाडूंना हा विकार आढळला.

हे दुखणे मोजावे कसे? तापाला तापमापक आहे. वेदनेला तसे यंत्र नाही. सोनोग्राफीत कंडरा बिघडलेली दिसावी आणि खेळाडूला काहीच दुखू नये, असेही घडते. तेव्हा साक्ष खेळाडूचीच घ्यावी लागते. त्यासाठी ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९८ साली ‘विसा-पी’ ही ८ प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. न दुखता किती वेळ बसता येते? जिना उतरताना किती दुखते? एका पायावर १० उड्या मारल्यावर काय होते? किती वेळ खेळता येते? उत्तरांचे गुण १०० पैकी मोजतात. १०० म्हणजे निर्दोष गुडघा. दोन-चार गुणांच्या चढउताराला फारसा अर्थ नसतो. सुमारे १३ गुणांचा फरक पडला, तर तो खरा मानावा.

हा आकडा इतरांशी तुलना करण्यासाठी नाही. खेळाडूने आपल्याच मागच्या महिन्याशी ताडून पाहण्यासाठी आहे. नुसत्या विश्रांतीने कंडरा सशक्त होत नाही. भार आधी कमी करून मग बेताबेताने वाढवावा लागतो, आणि तो बेत ठरवायला हे माप हवे.

खेळाडू म्हैसूरजवळच्या कृष्णराजनगरचा असो वा कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा, संघातून वगळतील या भीतीने तो “काही नाही, बरे आहे” असेच म्हणतो. वस्तादांनी आणि शिक्षकांनी त्याला “दुखते का?” असे न विचारता “जिना उतरताना किती दुखते?” असे विचारावे. खरे उत्तर देणे म्हणजे भ्याडपणा नव्हे, एवढा विश्वास त्याला दिला, तर पुष्कळ गुडघे वेळीच सावरतील.