मोटारसायकलचे कागद



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे, असा येथला रिवाज आहे. आम्ही विद्वान नव्हे. दहावीला गणिताने आम्हांस अडवले आणि आम्ही हेल्पर म्हणून कारखान्यात शिरलो. पुढचे शिक्षण झाले ते गेटसभांत, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि रद्दीच्या दुकानातून आणलेल्या कायद्याच्या पुस्तकांतून. तेव्हा आज आपणांसमोर आम्ही एक साधाच विषय मांडणार आहोत. या मंडपाबाहेर उभ्या असलेल्या दुचाक्यांच्या कागदांविषयी आम्हांस बोलावयाचे आहे.

आपण म्हणाल, त्यात व्याख्यान देण्यासारखे काय आहे? लायसन, आर. सी. बुक आणि विम्याची पावती डिकीत असली म्हणजे हवालदार सोडतो. नेमका हाच समज आम्हांस आज खोडून काढावयाचा आहे. हे कागद हवालदारासाठी नाहीत. ते कोणासाठी आहेत, हे आम्हांस फार उशिरा आणि फार महागात कळले. ती हकिगत प्रथम सांगतो.

दहाबारा वर्षांपूर्वी आमच्या संघटनेचा एक सभासद, दुसऱ्या पाळीतला फिटर, आपली जुनी मोटारसायकल विकावयास निघाला. सौदा चौदा हजारांस ठरला. आमचे अक्षर चांगले आणि कायद्याची भाषा आम्हांस येते अशी ख्याती, म्हणून कागद आम्हीच लिहिला. शंभर रुपयांच्या स्टँप पेपरावर ‘आजपासून या गाडीची सर्व जबाबदारी घेणाऱ्याची राहील’ हे वाक्य आम्ही मोठ्या दिमाखाने घातले आणि साक्षीदार म्हणून सही ठोकली. घेणाऱ्याने गाडी नावावर करून घेण्याची खटपट केली नाही. पुढे विम्याची मुदतही संपली. एके दिवशी दिवेलागणीस त्या गाडीने एका भाजीवाल्या बाईंना उडवले. मांडीचे हाड मोडले, पाय कायमचा अधू झाला. नोटीस आली ती आमच्या फिटरच्या घरी.

मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे आम्ही त्याच्याबरोबर गेलो. आमचा स्टँप पेपर तेथे कोणी फारसा पाहिलाही नाही. आर. टी. ओ.च्या दप्तरात ज्याचे नाव, तो मालक. विमा नाही, तेव्हा भरपाई मालकाने द्यावी. साडेतीन लाखांवर रक्कम झाली आणि गावाकडची वाटणीची जमीन विकून त्या गृहस्थाने ती फेडली. तारखेच्या दिवशी त्या बाई कुबडी घेऊन आमच्याच बाकावर बसल्या होत्या. त्यांनी आम्हांस विचारले, “भाऊ, तुम्ही कुणाच्या बाजूचे?” जन्मभर आम्ही जखमी माणसाच्या बाजूने उभे राहिलो. त्या दिवशी आम्हांस उत्तर देता आले नाही.

त्या रात्री आम्ही १९८८ चा मोटार वाहन कायदा काढून वाचावयास बसलो. पुढे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले की, गाडी विकली तरी जोवर नोंदणी बदललेली नाही, तोवर अपघाताच्या भरपाईपुरता मालक म्हणजे नोंदणीतला मालक. प्रथम आम्हांस हा अन्याय वाटला. मग विचार केला की, त्या बाईंनी काय करावयाचे? गाडी किती हातांतून गेली, कोणी कोणास कागद लिहून दिला, याचा शोध कुबडी घेऊन त्यांनी घ्यावा काय? कायद्याने एकच नाव पक्के धरले, ते त्यांच्यासाठी. म्हणून गाडी विकली की चौदा दिवसांच्या आत आर. टी. ओ.ला कळवावे, असे कलम ५० सांगते. नमुना २९ आणि ३० भरून गाडी नावावर झाल्याचे डोळ्यांनी पाहावे, आणि विमाही नव्या नावावर झाला की नाही ते विचारावे. मग खुशाल पेढे वाटावेत.

आता विम्याकडे वळू. ‘थर्ड पार्टी’ हा शब्द आपण सगळे उच्चारतो; पण हा तिसरा कोण? पहिला पक्ष म्हणजे विमा घेणारे आपण, दुसरी विमा कंपनी, आणि तिसरा म्हणजे रस्त्यावरचा तो अनोळखी माणूस, ज्यास आपला धक्का लागणार आहे. त्याचे नाव पावतीवर नसते. पण पावती त्याचीच असते. आपल्या देशात १९३९ च्या कायद्याने हा विमा सक्तीचा ठरवला आणि १९४६ पासून तो अमलात आला. त्यामागचे कारण साधे होते. न्यायालय भरपाईचा हुकूम देई, पण गाडीवाल्याच्या घरी जप्तीस भांडीसुद्धा नसत. हुकूम कागदावर राही आणि जखमी माणूस घरी पडून राही. आपण संघटनेची वर्गणी देतो, ती उद्या आपल्यावरच गदा येणार म्हणून नव्हे. कोणावर तरी येणारच, तेव्हा पेटीत पैसे असावेत म्हणून देतो. विम्याचा हप्ता ही रस्त्यावरच्या सर्व माणसांची अशीच वर्गणी आहे. ती चुकवणाऱ्यास पहिल्या गुन्ह्यास दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असे २०१९ ची दुरुस्ती सांगते. लोक त्या दोन हजारांस भितात. खरे भय लाखांचे आहे, आणि ते दंडाच्या पावतीवर छापलेले नसते.

येथे दोन खाचखळगे आहेत, ते नीट ध्यानात घ्यावेत. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना तिसऱ्या पक्षाचा विमा एकदम पाच वर्षांचा काढावा लागतो. पाच वर्षे फार सुखाची जातात. सहाव्या वर्षी आठवण करून देणारा दुकानदार जवळ नसतो, आणि विमा आहे या भ्रमात गाडी चालू राहते.

दुसरा खळगा याहून खोल. या सक्तीच्या विम्यात गाडी चालवणारा स्वतः येतच नाही. गाडी घसरली आणि आपण गेलो, तर तिसऱ्या पक्षाच्या पावतीतून आपल्या बायकोमुलांस काही मिळत नाही. त्यासाठी मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा निराळा असतो, पंधरा लाखांचा. पण तो गाडी ज्याच्या नावावर आहे त्याचा असतो, आणि त्याच्याजवळ चालू मुदतीचे लायसन असावे लागते. गाडी वडिलांच्या नावावर आणि फिरवतो मुलगा, अशी घरे आपल्या गावात किती आहेत, ते आपणच मोजा. मागे बसणाऱ्याचेही तेच. निव्वळ कायद्यापुरत्या पॉलिसीत दुचाकीवर मागे बसलेला माणूस येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिला आहे. आपल्या मागे बहुधा आपली बायको बसलेली असते. तेव्हा पुढचा हप्ता भरताना एजंटास एवढेच विचारा की, मागे बसणारा यात आहे काय? नसेल तर थोडे पैसे अधिक गेले तरी चालतील, पण त्याची सोय करून घ्या.

लायसनचे थोडक्यात सांगतो. सरकारी मराठीत त्यास अनुज्ञप्ती म्हणतात, तो शब्द दप्तरातच राहू द्या. अठरा वर्षे पुरी झाल्यावर प्रथम शिकाऊ लायसन, ते सहा महिन्यांचे. निदान तीस दिवसांनी पक्क्या लायसनाची परीक्षा. तिशीच्या आत काढलेले लायसन चाळिशीपर्यंत चालते, आणि चाळीस केव्हा उलटली हे कामाच्या धांदलीत ध्यानात राहत नाही. मुदत संपून वर्ष उलटले, तर परीक्षा पुन्हा द्यावी लागते. गाडी चालवणाऱ्याजवळ लायसन नव्हते आणि मालकाने त्यात हयगय केली असे ठरले, तर कंपनी जखमीस पैसे देते आणि मग ते मालकाकडून वसूल करते. २००४ पासून न्यायालये असा मार्ग काढीत आली आहेत. म्हणजे विमा भरूनही जमीन जाऊ शकते.

आणि क्लासला उशीर होतो म्हणून सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती गियरची गाडी देणाऱ्या पालकांनी कलम १९९ अ एकदा वाचावे. मुलाने गुन्हा केला तर पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही.

शेवटी हेल्मेट. येथे आम्हांस आमच्याच माणसांशी भांडावयाचे आहे. कारखान्यात हेल्मेट, बूट, हातमोजे मिळावेत म्हणून आम्ही घोषणा दिल्या, धरणे धरले. ते मालकास द्यावे लागले. पाळी सुटली की तोच कामगार गेटबाहेर येतो आणि हेल्मेट आरशाला अडकवून घरी निघतो! कारखान्यात सहा फुटांवरून पडण्याचे भय मानणारा माणूस रस्त्यावर पन्नासच्या वेगाने बोडक्या डोक्याने जातो, आणि त्यास स्वातंत्र्य म्हणतो. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरची होती. त्यांत कामावर निघालेले किती आणि कामावरून परतणारे किती, याची वेगळी मोजदाद नाही. पण आमच्या युनियनच्या कचेरीत ज्या विधवा भगिनी अर्ज लिहून घेण्यास येतात, त्यांचे चेहरे आम्ही विसरू शकत नाही. हेल्मेट मागे बसणाऱ्यासही सक्तीचे आहे, हेही सांगून ठेवतो.

आमचा तो फिटर आता निवृत्त झाला. त्याने आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. आम्ही मात्र तेव्हापासून स्टँप पेपरावर गाडीचा सौदा लिहून देणे सोडले आहे. कोणी आला, तर त्याच्याबरोबर आर. टी. ओ.च्या रांगेत उभे राहतो.

आपणांस एकच विनंती आहे. आज घरी गेल्यावर जेवणापूर्वी गाडीचे कागद काढा, किंवा फोनमध्ये ठेवले असतील तर तेथे पाहा. बुकात नाव कोणाचे, विमा कोणत्या तारखेपर्यंत, लायसन कोणत्या तारखेपर्यंत, एवढे वाचा. आणि पूर्वी विकलेली एखादी गाडी अजून आपल्याच नावावर फिरत असेल, तर उद्या सकाळीच तिचा शोध घ्या.