नाकाचे काम

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सातवी शिकलेली बाई यंत्रावर बोलणार म्हणून हसू नका. विषय आपल्या रोजच्याच गोष्टीचा आहे, वासाचा.

कांदा चाळीत भरला की रोज सकाळी फेरी मारून वास घ्यायचा, हे काम सासूबाईंकडून माझ्याकडे आले. ते काम आहे असे घरात कोणी कधी म्हटले नाही. २०२१ साली मला करोना झाला आणि वास गेला. चाळीत जात होते, पण काही कळत नव्हते. कांद्याला पाणी सुटून खाली गळू लागले, तेव्हा एक कप्पा पार सडला होता. मालक म्हणाले, "तुझं नाक गेलं आणि आपला कांदा गेला."

मग मुलीने मला इलेक्ट्रॉनिक नाकाची हकिकत सांगितली. इंग्लंडातील वॉरविक विद्यापीठाच्या पर्सॉड आणि डॉड या शास्त्रज्ञांनी १९८२ साली ही कल्पना मांडली. एका पेटीत निरनिराळे सेन्सर बसवतात. वासाची हवा लागली की प्रत्येकातून जाणारी वीज कमीजास्त होते. एकट्या सेन्सरला वास ओळखत नाही. सगळ्यांचा मिळून जो ठसा उमटतो, तो संगणक आधीच्या ठशांशी ताडून पाहतो. आपले नाकही असेच चालते. त्यात वास टिपणाऱ्या सुमारे ४०० तऱ्हा असतात.

सी-डॅक या सरकारी संस्थेच्या कोलकाता केंद्राने चहाचा वास पारखणारे यंत्र केले. आपल्या लासलगावच्या कल्याणी शिंदे यांनी कांद्याच्या गोदामासाठी यंत्र केले. सडू लागलेल्या कांद्यातून निघणारा वायू ओळखून ते इशारा देते.

यंत्राला पडसे होत नाही, झोप येत नाही. पण भगिनींनो, त्याला उपजत काही कळत नाही. चहाचे यंत्र शिकवताना जाणत्या चहा-पारख्यांनी दिलेले गुणच पुढे ठेवावे लागले. म्हणजे आधी माणसाने आपले जाणतेपण उघड करून सांगितले पाहिजे. आपण मात्र ते मनातच ठेवतो.

माझा वास पुढे परत आला. आता चाळीत जाताना मी मुलालाही नेते. कोणता वास मातीचा, कोणता ओलीचा, कोणत्या वासाला कप्पा उपसायचा, ते सांगते. परवा तोच म्हणाला, "आई, तिसऱ्या कप्प्यात बघ." उपसून पाहिले, तर चारच कांदे नासले होते.