अक्षर बिघडलं तर…
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



खराब अक्षरासाठी याच वर्गात मी पट्ट्या खाल्ल्या. त्याचा राग नाही; आज केमिस्टला माझी चिठ्ठी वाचता येते, ती त्याच पट्ट्यांमुळे! पण आज अक्षराचीच एक गंभीर गोष्ट सांगायची आहे.

एका खेड्यातला सातवीतला मुलगा. अक्षर बारीक, वेडंवाकडं होत गेलं. बोलणं अडखळू लागलं, तोंडातून लाळ गळू लागली. शाळेत ‘आळशी’ ठरला, घरी दृष्ट काढून झाली. दीड वर्ष असंच गेलं. मग त्याच्या मामांनी मला व्हिडिओ कॉल केला. मी जुन्या-नव्या वह्यांचे फोटो तारखेनुसार मागवले. पानं ओळीनं लावली आणि शंका आली: विल्सनचा आजार.

1912 साली वर्णन झालेला हा आजार साधारण 30,000 जणांत एकाला होतो. यकृतात आणि मेंदूत तांबं साठत जातं. रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन, लघवीतलं तांबं आणि डोळ्यांची तपासणी यांतून निदान पक्कं झालं. मोबाइलनं निदान केलं नाही. योग्य दार तेवढं दाखवलं.

आजार आनुवंशिक. सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक. म्हणून हसतीखेळती धाकटी बहीणही तपासली. तिलाही निघाला! लक्षणं दिसण्याआधीच तिचं औषध सुरू झालं. तिचं अक्षर आजही मोत्यासारखं आहे. भावाचं बोलणं मात्र पूर्ण सुधारलं नाही. फरक त्या दीड वर्षाचा.

औषध जन्मभराचं; मध्येच सोडलं तर जिवावर बेततं. म्हणून आता आईच्या मोबाइलवर गोळीचा गजर वाजतो. सगळे रिपोर्ट 14 अंकी आभा क्रमांकाला जोडले आहेत. नव्या डॉक्टरांपुढे पिशवी उपसावी लागत नाही. ठरलेल्या रक्ततपासण्या जवळच्या गावी होतात, रिपोर्ट मला फोनवर दिसतात. वडिलांचा रोज बुडत नाही.

आपल्यातले बरेच जण आज शिक्षक आहेत. चांगलं अक्षर अचानक बिघडलं, तर रागावण्याआधी वहीचा फोटो काढा, पालकांना दाखवा, डॉक्टरांकडे पाठवा. दुर्मिळ आजार डॉक्टरांच्या आधी कित्येकदा बाईंना आणि सरांना दिसतो.