पार्लरचं लायसन्स : कोणता कागद कशासाठी



शिरूर-दौंड भागातली मुलगी पार्लरचा क्लास लावायला निघाली, की घरचे हमखास विचारतात, "याचं लायसन्स मिळतं ना?" या एका प्रश्नापायी अनेक घरांतले पैसे वाया जातात, म्हणून आज त्याचं नीट उत्तर देते.

आपल्याकडे ब्यूटीशियन किंवा कॉस्मेटॉलॉजिस्ट म्हणून काम करायला व्यक्तीला सरकारी परवाना लागत नाही. डॉक्टरांची, वकिलांची जशी परिषदेकडे नोंद होते, तशी सोय या व्यवसायात नाही. अमेरिकेत याच्या अगदी उलट. तिथे प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा, शिक्षणाचे तास ठरलेले, वर परीक्षा. टेक्सासमध्ये तर नुसतं थ्रेडिंग करायलाही ७५० तासांचा कोर्स सक्तीचा होता. थ्रेडिंग करणाऱ्यांनी दावा लावला आणि २०१५ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती सक्ती घटनाबाह्य ठरवली. लग्न होऊन तिकडे जाणाऱ्या मुलींनी एवढं लक्षात ठेवावं, की इथलं प्रमाणपत्र तिथे परवाना म्हणून चालत नाही. जायच्या आधी त्या राज्याचे नियम बघून घ्या.

मग क्लासच्या पाटीवर 'सरकारमान्य आंतरराष्ट्रीय डिप्लोमा' लिहिलेलं असतं, त्याचं काय? फी भरण्याआधी विचारा : परीक्षा कोण घेणार? प्रमाणपत्रावर शिक्का कोणाचा? क्लासचा नोंदणी क्रमांक काय? परीक्षा राज्याचं कौशल्य मंडळ किंवा ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिल घेत असेल, तर त्या कागदाला बँकेत आणि नोकरीत वजन आहे. बाईंनीच शिकवायचं, बाईंनीच तपासायचं आणि बाईंनीच शिक्का मारायचा, तर तो कागद म्हणजे हजेरीची पावती. तिथलं शिकवणं उत्तम असू शकतं, ते जरूर घ्या. पण त्या कागदासाठी जास्तीचे हजारो रुपये मोजू नका.

दहावी झालेल्या मुलीला मी आधी आयटीआय बघायला सांगेन. कॉस्मेटॉलॉजीचा ट्रेड एका वर्षाचा आहे आणि शेवटी मिळणारं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र देशभर चालतं. निकालानंतर ऑनलाइन प्रवेश सुरू होतात. हा ट्रेड प्रत्येक आयटीआयमध्ये नसतो, म्हणून विकल्प भरताना यादी नीट वाचा. तालुक्याच्या गावी नाही म्हणून मन नसलेला दुसरा ट्रेड घेऊन वर्ष घालवू नका. दौंडहून रेल्वेचा पास काढून आणि शिरूरहून एसटीने पुण्याला शिकायला जाणारी मुलं-मुली काही कमी नाहीत.

शिक्षण सुटलेल्या, संसारात अडकलेल्या तायांसाठी आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, आहे. पुणे जिल्ह्यात ती बँक ऑफ महाराष्ट्र चालवते. पार्लरचं साधारण महिनाभराचं प्रशिक्षण तिथे विनामूल्य मिळतं, राहण्या-जेवणासकट. बचत गटात असाल तर पंचायत समितीत उमेद अभियानाच्या कक्षात चौकशी करा. ज्यांचा हात आधीच बसला आहे, वर्षानुवर्षं काम चालू आहे, त्यांना पूर्वज्ञानाच्या मूल्यमापनातून प्रमाणपत्र घेता येतं. आणि सलून चालवणाऱ्या नाभिक बांधवांनो, २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत तुमचा व्यवसाय आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते.

मेकअप आर्टिस्ट व्हायला निघालेल्या मुलींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतली संघटना वर्षानुवर्षं बाईला मेकअपचं सदस्यत्वाचं कार्ड देत नसे, फक्त केशरचनेचं देई. चारू खुराना यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने ही बंदी मोडीत काढली. बाई आहे म्हणून हे काम कोणी नाकारू शकत नाही.

दुकानाचे कागद मात्र लागतात, पण ते सोपे आहेत. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर २०१७ च्या कायद्यानुसार शॉप अ‍ॅक्टची फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर होते आणि ती पूर्णपणे मोफत आहे. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटीची नोंदणी लागत नाही. जागेबाबत नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत विचारून घ्या. खुर्ची, आरसा, स्टीमर घ्यायला मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं.

आता मला सगळ्यांत कळकळीने सांगायचं आहे ते. परवाना नाही म्हणून सगळंच करायला मोकळीक आहे, असं नाही. काही वर्षांपूर्वी अकोल्यात एकाच घरातल्या तिघींना, आई आणि दोन मुलींना, मूत्रपिंडाचा विकार झाला. तिघीही गोरं करणारी एक क्रीम लावत होत्या, आणि ती आणली होती ब्यूटीशियनकडून. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा त्या क्रीममध्ये पारा निघाला. म्हणून विनालेबल डबीतली क्रीम गिऱ्हाइकाच्या तोंडाला लावू नका, विकू तर मुळीच नका. डबीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत, हे सगळं असलंच पाहिजे. घरी क्रीम बनवून विकायची असेल, तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना घ्यावा लागतो. स्टेरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय वापरायची नाहीत. बोटॉक्स, फिलर, गोरेपणाची इंजेक्शनं या गोष्टी डॉक्टरांच्या आहेत. कुठलाही ब्यूटी कोर्स केला तरी सुई हातात घ्यायचा अधिकार मिळत नाही.

बाकी रोजच्या सवयी. थ्रेडिंगचा दोरा दातात धरायची जुनी पद्धत सोडा, गळ्यात अडकवून धरायला शिका. वॅक्सच्या भांड्यात एकदा अंगाला लागलेली पट्टी पुन्हा बुडवू नका. ब्लेड प्रत्येकीला नवं, तिच्या डोळ्यांदेखत फोडलेलं. केसांच्या रंगाचा थेंब कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे लावून ४८ तास थांबा. खाज, लाली, सूज यांतलं काहीही दिसलं तर तो रंग तिला लावायचा नाही, ती कितीही आग्रह करो. रंगाचं नाव आणि तारीख वहीत लिहून ठेवा. आणि नवरी मुलीला निदान आठ दिवस आधी बोलवा. ऐन हळदीच्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच ब्लीच लावू नका.