दाढेचं पेव
(आकाशवाणीवरील भाषण)



विषय दिलाय तो 'रूट कॅनाल झालेल्या दाढेवर पुन्हा रूट कॅनाल'. वेळ थोडा आहे, तेव्हा रूट कॅनाल म्हणजे काय इथपासून सुरुवात करत नाही. किनवटपासून निलंग्यापर्यंत आता बहुतेक घरांत एखादी तरी 'नस काढलेली' दाढ निघते. मला बोलायचंय ते त्या दाढेबद्दल, जी तीन-चार वर्षं गप्प बसली आणि आता पुन्हा ठणकायला लागली.

अशी दाढ घेऊन आलेल्या माणसाला दुखण्यापेक्षा राग जास्त आलेला असतो. "साहेब, नस काढली, पैसे मोजले, आता ह्यात दुखायलंय काय?" प्रश्न रास्त आहे. नस गेली ती दाढेच्या आतली. मुळाभोवतीचं हाड जिवंतच असतं. मुळाच्या पोकळीत जंतूंनी पुन्हा ठाण मांडलं की त्रास टोकातून हाडाला पोचतो, तिथं पू धरतो. मग चावताना ती एकच दाढ उंच झाल्यासारखी लागते, गाल सुजतो, नाहीतर हिरडीवर पुळी येते. पुळी फुटली की आराम पडतो आणि माणूस म्हणतो, बरं झालं. बरं काही झालेलं नसतं, पूला वाट मिळालेली असते एवढंच. कित्येकदा तर दुखतही नाही. दुसऱ्याच दाढेसाठी काढलेल्या फोटोत मुळाच्या टोकाशी काळा डाग दिसतो.

हे जंतू आले कुठून? साठीच्या पुढच्या श्रोत्यांनी पेव पाहिलं असेल. गावठाणाच्या पांढरीत खोल खणलेलं, तोंड अरुंद, पोट मोठं. आतून कडबा लावायचा, जोंधळा भरायचा, वर फरशी ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. असा जोंधळा वर्षानुवर्षं टिकायचा. नासायचा कधी? भरण्याआधीच आत ओल राहिली असेल तर. नाहीतर तोंडाशी फट राहून मृगाचं पाणी आत उतरलं तर. दाढेचंही हेच.

आत ओल राहणं म्हणजे काय, तर एखादी नळी साफ करायची राहून जाणं. वरची पहिली मोठी दाढ घ्या. मुळं तीन, पण निम्म्याहून अधिक दाढांमध्ये नळ्या चार निघतात. ती चौथी केसासारखी बारीक, पुढच्या मुळात दडून बसलेली. ती हुकली की जंतू आतच राहिले. कधी भरण टोकापर्यंत पोचत नाही, कधी साफ करायच्या सुईचं टोक वाकड्या नळीत तुटून राहतं. ही सगळी आम्हा डॉक्टरांकडची बाजू आहे आणि तिच्यावर आमच्या परिषदांमध्ये भरपूर बोललं जातं. मी आज बोलणार आहे तोंडाशी राहिलेल्या फटीबद्दल, कारण ती फट बऱ्याचदा तुम्ही ठेवता.

म्हणजे कॅप बसवायला येत नाही.

नळ्यांमध्ये आम्ही गटापर्चा भरतो. मलायाकडच्या झाडाचा हा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारायंत्राच्या तारांवर हाच गुंडाळायचे, पाणी लागू नये म्हणून. पण दाढेत वरून झाकण नसेल तर हा गटापर्चा एकटा लाळेला अडवू शकत नाही. काढलेल्या दातांवर १९९३ साली प्रयोगशाळेत पाहिलं गेलं : नळ्या नीट भरल्या, वरचं तोंड उघडं ठेवून माणसाची लाळ लावली, तर महिन्याच्या आत सगळ्या नळ्यांत जंतू पार खालपर्यंत पोचले. महिन्याच्या आत! आणि आपल्याकडे लोक वर्ष वर्ष कच्च्या सिमेंटवर काढतात.

ते कच्चं सिमेंट म्हणजे पेवाच्या तोंडावर टाकलेलं पोतं आहे, लिंपण नव्हे. दोन-चार आठवड्यांसाठी असतं ते. पण दुखणं थांबलेलं असतं ना! लातूरला नीटची तयारी करणारी मुलं येतात. एप्रिलमध्ये दाढ ठणकते, नस काढून घेतात, "कॅप पेपर झाल्यावर" म्हणतात. पेपर होतो, निकाल लागतो, पोरगं दुसऱ्या गावी कॉलेजला जातं, दाढ तशीच. कंधार-मुखेडकडची ऊसतोडीला जाणारी जोडपी दिवाळीच्या सुमारास निघतात, कोयत्याच्या घाईत नस काढून घेतात आणि पाच-सहा महिन्यांनी परततात. त्यांना मी काय रागावणार? मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रॅक्टर दारात उभा असतो. त्यांच्यासाठी कच्च्या सिमेंटऐवजी निदान पक्कं भरण त्याच बैठकीला करून द्यायला हवं, हे मी माझ्या व्यवसायबंधूंना सांगतोय. पण घरासमोर दवाखाना असलेल्या माणसानं "बघू पुढच्या महिन्यात" म्हणावं, हे मला पटत नाही.

कॅपचे पैसे वेगळे पडतात, हे खरं कारण आहे, मला ठाऊक आहे. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे दंत महाविद्यालयं आहेत, छत्रपती संभाजीनगरला शासकीय महाविद्यालय आहे. तिथं विचारा. वेळ जास्त लागेल, पण काम होईल.

आता पुन्हा उघडायचं म्हणजे काय काय करावं लागतं ते ऐका. जुनी कॅप असेल तर कापून काढायची. आत खिळा ठोकलेला असेल तर तो जपून सोडवायचा. जुना गटापर्चा सुयांनी कोरत, द्रावणानं मऊ करत बाहेर आणायचा. नासलेलं धान्य उपसून काढतात तसंच, आणि कोपऱ्यात एक मूठ राहिली तरी चालत नाही. मग हुकलेली नळी शोधायची, औषधाच्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवायचं, गरज पडली तर आत कॅल्शियमचं औषध भरून आठ-पंधरा दिवस थांबायचं, आणि मग नव्यानं भरायचं. पहिल्या वेळेपेक्षा बैठका जास्त, खर्च जास्त, आणि यशाची खात्री पहिल्यापेक्षा थोडी कमीच. तरी बहुतेक दाढा वाचतात. हाडातला डाग भरून यायला सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं, म्हणून मधे फोटोला बोलावलं तर पैसे काढायला बोलावलं असं समजू नका.

आणि एवढं सगळं करून झाल्यावर काय? पुन्हा कॅप! ती दुसऱ्यांदाही न बसवणारे महाभाग आहेत.

मी कॅपचं एवढं का धरून बसलोय? १९९५ मध्ये अमेरिकेत रे आणि ट्रोप या दोघांनी रूट कॅनाल झालेल्या १,०१० दातांचे फोटो तपासले. आतलं भरण चांगलं आणि वरचं झाकणही चांगलं, अशा शंभरातल्या ९१ दातांच्या टोकाशी आजार नव्हता. दोन्ही वाईट असतील तर शंभरात फक्त १८. पण गंमत मधल्या आकड्यांत आहे. आतलं काम उत्तम, वरचं झाकण गळकं : ४४. आतलं काम सुमार, वरचं झाकण पक्कं : ६८. पुढच्या अभ्यासांनी आतल्या कामाचं वजन पुन्हा वाढवलं, दोन्ही सारखंच लागतं म्हणाले. ठीक आहे. पण कुणीही झाकण लागत नाही असं म्हटलेलं नाही.

शिवाय कॅप नसली की दाढ चिरते. मोठी पोकळी पाडलेल्या, नुसत्या भिंती उरलेल्या दाढेवर कडक भाकरी, फुटाणे, सुपारी. चीर मुळात उतरली की पेवाची भिंतच गेली. तिथं पुन्हा रूट कॅनाल करून उपयोग नाही, दाढ काढावीच लागते. कुणी "करून देतो" म्हटलं तरी आधी फोटो काढा, चीर आहे का विचारा.

मूळ शाबूत आहे, पण वरून वाट सापडत नाही, अशा वेळी हिरडीच्या बाजूनं मुळाचं टोक कापून बंद करण्याची छोटी शस्त्रक्रिया असते, तिच्याबद्दल... नाही, काचेपलीकडून बोट दाखवलं जातंय, एकच मिनिट उरलंय.

तर कामाचं सांगतो. दाढ पुन्हा दुखली तर मेडिकलमधून गोळ्या आणून दाबू नका. पहिल्या इलाजाचा फोटो, चिठ्ठी, जे असेल ते घेऊन जा. नळ्या किती भरल्या होत्या ते त्यात दिसतं, नव्या डॉक्टरचा अर्धा शोध वाचतो. साखर असेल तर न विचारता सांगा. साखरेमुळे हाड भरायला कसा उशीर लागतो हे सांगायचं होतं, मिसरीचं तर राहूनच गेलं. आणि ज्यांची नस काढून झाली आहे, दुखत नाही, कॅप बाकी आहे, त्यांनी पुढच्या बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाल तेव्हा आधी दवाखान्यात जाऊन माप देऊन या, बाजार नंतर करा.